चार हजार शहाण्णव कड्या

“हे ओवून मिळेल का?”

समोर उभ्या असलेल्या गृहस्थांनी पोळ्यांचा स्टीलचा डबा माझ्या पाटाजवळ ठेवला आणि झाकण काढलं. आत कापूस. कापसात तळहाताएवढी एक चौकट आणि चौकटीत बारीक काळी जाळी. मला वाटलं, चहाची गाळणी.

“गाळणीवाला पुढच्या बोळात बसतोय, सर,” मी म्हणाले. मान वर करायला सवड नव्हती. उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला आणि एका नवरीचा साज निम्म्यावर आलेला.

“गाळणी नाही ती. हे भिंग घ्या, एकदा नीट बघा. जमणार नाही म्हणालात तर मी जातो. पुण्यातले तिघं नाही म्हणाले, बंगळूरचा एक. तुम्ही पाचव्या.”

हे ऐकून मात्र मी साज खाली ठेवला.

याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठेचाळीसची होते आणि कोल्हापुरात गुजरीमध्ये कारेकर सराफांच्या पेढीच्या पायरीवर बसत होते. आम्ही पाटवेकर. दागिना सोनार घडवतो, पण मणी, पानं, वाट्या एकात एक गुंफून तो गळ्यात घालण्याजोगा करतो तो पटवेकरी. नवरा गेल्यावर त्याच्या पाटावर मी बसले. बाईमाणसानं गुजरीत पायरीवर बसायचं म्हणजे काय, असं भाऊबंद बोलले. बोलू दिलं. माझी गाठ सुटत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक बाई की बाप्या ते बघत नाही.

भिंगातून बघितलं तर ती जाळी नव्हतीच. मोहरीहून बारीक काळ्या कड्या होत्या, ओळीनं मांडलेल्या. एकेका कडीच्या पोटातून तीन तीन तारा गेलेल्या, केसासारख्या. चौथ्या तारेची मात्र नुसती तुटकी टोकं, इकडं एक, तिकडं एक.

“किती हायत?”

“चौसष्ट ओळी, एका ओळीत चौसष्ट. चार हजार शहाण्णव.”

“आणि ही माळ घालायची कुणाच्या गळ्यात?”

ते गृहस्थ पहिल्यांदाच हसले. “कॉम्प्युटरच्या. ही त्याची आठवण आहे, बाई. माणसाचं डोकं असतं ना, तसं.”

त्यांचं नाव शशिकांत जिरगे. गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. राजारामपुरीत घर, घरामागं गाडी ठेवायची खोली, पण गाडी बाहेर उन्हात आणि खोलीत जुने कॉम्प्युटर. कुणी भंगारात घातलेले, कुणी माळ्यावर टाकलेले. लोक जुनी नाणी गोळा करतात तसे ते हे गोळा करायचे, आणि नुसते मांडून ठेवायचे नाहीत तर चालू करायचे. एकोणीस होते. अठरा चालू झाले होते. एकोणिसावा म्हणजे त्यांच्याच कॉलेजात एकाहत्तर साली आलेला पहिला कॉम्प्युटर, कपाटाएवढा. तो सहा वर्षं त्यांचा जीव खात होता. त्याची वीज, त्याचे दिवे, त्याचा टंकयंत्रासारखा छापणारा पुढचा भाग, सगळं त्यांनी बसवलं होतं. राहिली होती ही जाळी.

“अशा बारा जाळ्या आहेत,” ते पायरीवर माझ्या शेजारीच बसले. “बारा मिळून एक अक्षर लक्षात ठेवतात. अकरा धड आहेत. ही बारावी अशी. आणि यातली गंमत ऐका. या कड्यांत जे लिहिलेलं असतं ना, ते वीज गेली तरी जात नाही. तीस वर्षांपूर्वी हे यंत्र बंद पडलं, तेव्हाचं शेवटचं काम अजून आत आहे.”

“मग एक कडीबी हलून चालायची न्हाई.”

त्यांनी माझ्याकडं चमकून बघितलं. “चारही जणांना हे मला समजावून सांगावं लागलं होतं.”

“काय लिवलंय आत?”

त्यांनी डब्यातला कापूस सारखा केला. “वाचल्याशिवाय काय सांगू? आणि वाचायचीही एकच संधी. हे यंत्र वाचताना कडीतलं पुसतं आणि लगेच पुन्हा लिहून ठेवतं. तार कुठं चुकली असली तर चुकीचं वाचणार आणि चुकीचंच लिहिणार. मग खरं काय होतं ते कायमचं गेलं.”

आतून कारेकर शेठ हे सगळं ऐकत होते. ते दारात आले. “मालनबाई, आता खेळणी ओवायला लागलाय का?” म्हणून हसले. मी हसले नाही. त्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं की पाडव्यापासून पेढीला काचेचं दार बसणार, पायरी निघणार, आणि साज आता मशीनवर ओवलेलेच तयार येतात, तेव्हा तुम्ही तुमची सोय बघा. एकवीस वर्षं नवरा आणि आठ वर्षं मी त्या पायरीवर बसलो होतो. भांडायचं म्हटलं तर कागद कुठं होता? मी ते मनात गिळलं होतं, पण ते खाली उतरत नव्हतं.

मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “करते, सर. पण इथं न्हाई. तुमच्या घरी, उजेडाच्या खिडकीला. दहा ते चार. आणि मी ओवत असताना कुणी बोलायचं न्हाई.”

राजारामपुरीतल्या त्या खोलीत उत्तरेला मोठी खिडकी होती. सरांनी टेबल लावून ठेवलं होतं. मी ते सरकवून खाली पाट मांडला. टेबलाला पायाचा अंगठा कसा उपयोगी पडणार? सरांनी एका आलेखाच्या कागदावर तारेची वाट काढून ठेवली होती, कुठून शिरायचं, कुठं वळायचं. मी म्हणाले, “कागद नको. शेजारची धड जाळी द्या.” ती तासभर बघितली. तार आडवी-उभी न जाता तिरकी जात होती, आणि अर्ध्यावर आल्यावर तिनं चाल उलटी केली होती. एका जागी तर ओवणाराचा हातच दिसत होता.

“सर, हे कुणी ओवलंय?”

“परदेशात कारखाना होता. बायका ओवायच्या. शिवणकाम, विणकाम येणाऱ्या बायका शोधून आणायचे. का?”

“ही बाई डावरी हुती.”

सर माझ्याकडं बघतच राहिले. त्यात बघण्यासारखं काय होतं? दोऱ्याचा पीळ कुणीकडं पडतो हे आमच्यात पोराला सातव्या वर्षी कळतं.

पहिले दोन दिवस मी काहीच ओवलं नाही. जुन्या तारेचे तुकडे चिमट्यानं काढत होते, एकेक. तिसऱ्या दिवशी दुपारी ते सगळे तुकडे पांढऱ्या रुमालावर ओळीनं मांडले आणि भिंग लावलं. मग सरांना हाक मारली.

“सर, ही तार कशानं तुटली म्हणालात?”

“जुनी झाली. गंजली असेल.”

“कुजलेला दोरा तुटतो तवा टोकाला भुसकट हुतं. हिची टोकं बगा. सुईसारखी बारीक झाल्यात. ही ओढून तुटलीया. कुणीतरी एकीकडनं धरून जोरात ओढली, आणि मग जिथं जिथं अडकली तिथं तिथं तुटली.”

सर खिडकीकडं बघत उभे राहिले. मी माझ्या कामाला लागणार, इतक्यात ते खाली माझ्यासमोर फरशीवरच बसले. साठी उलटलेला माणूस, मांडी घालायला त्रास होत होता.

“मीच ओढली,” ते म्हणाले.

ऐंशी सालचा जानेवारी. जिरगे सर तेव्हा तिशीतले, कॉलेजात नवीन. कॉम्प्युटर होता खासनीस मॅडमच्या ताब्यात. कुमुद खासनीस, गणित शिकवायच्या. फेब्रुवारीत सूर्यग्रहण होतं आणि मॅडमनी ध्यास घेतला होता की जिल्ह्यातल्या गावागावात ग्रहण किती वाजून किती मिनिटांनी लागणार, कधी सुटणार याची यादी करायची, ती शाळाशाळांतून लावायची, आणि लोकांना घराबाहेर काढून काळ्या काचेतून दाखवायचं. तीन आठवडे बसून त्यांनी ते गणित यंत्रात भरलं. सोमवारी छापणार होते. आदल्या दिवशी, रविवारी, कॉलेज रिकामं असताना जिरगे सरांनी कपाट उघडलं. आत कसं आहे ते त्यांना बघायचं होतं, बस्स. जाळ्यांचा गठ्ठा बाहेर काढताना एक तार त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकली. घाबरून त्यांनी हात मागं ओढला.

“परत बसवून ठेवलं आणि घरी गेलो. सोमवारी यंत्र सुरूच होईना. प्राचार्य मॅडमना सगळ्यांसमोर म्हणाले, ग्रहणाच्या नादात सरकारी यंत्राचं वाटोळं केलंत. मी तिथंच उभा होतो, बाई. दोन हातांवर. तोंड उघडलं नाही. मॅडमनी पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. पुढं यंत्र तळघरात गेलं.”

“त्या हायत का अजून?”

“आहेत. नागाळा पार्कात. एकट्या असतात.”

मी चिमटा खाली ठेवला. “सर, मी ओवते. एक कडी सोडणार न्हाई. पण आधी तुम्ही त्यास्नी जाऊन सांगा. न्हाईतर ही जाळी अशीच घेऊन जावा. खोट्यावर मला गाठ मारता यायची न्हाई.”

एवढं मी कशी बोलले कुणास ठाऊक. मी चौथी पास, ते प्रोफेसर. पण बोलून गेले. सरांनी रुमालावरचा एक तुकडा उचलून परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही येता का बरोबर? एकट्यानं माझ्याच्यानं जिना चढवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. मॅडम अठ्ठ्याहत्तरच्या, सडसडीत, कडक सुती पातळ, हातात काठी. सरांनी चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं, दारातच. मॅडम काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या.

“घड्याळाचा पट्टा,” त्या शेवटी म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

“जिरगे, मी तीस वर्षं समजत होते की मीच काहीतरी चुकीचं बटण दाबलं. शनिवारी संध्याकाळी निघताना काय काय केलं ते मी किती वेळा आठवलं असेल. अजूनही कधी कधी स्वयंपाक करताना आठवत बसते.”

सरांना रडू फुटलं. मॅडम त्यांच्याकडं बघत राहिल्या, जवळ गेल्या नाहीत. मग माझ्याकडं वळल्या. “आणि तुम्ही कोण?”

“मी ती जाळी ओवतेय, बाई.”

“जमेल?”

“जमंल.”

“मग मी येईन बघायला,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. चहा विचारला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

त्याच दिवशी दुपारपासून मी ओवायला घेतलं.

तार केसाएवढी आणि तिच्यावर नखाला कळणार नाही असा रंगाचा लेप. तो खरवडला की तार वाया. सुई चालणार नव्हती, कडीचं भोकच सुईहून बारीक, आणि त्यात आधीच्या तीन तारा. तेव्हा तारेचंच टोक लाखेत बुडवून वाळवलं, मेणावरून फिरवलं, आणि तिचीच सुई केली. उरलेली तार पायाच्या अंगठ्याला सैल वेढा देऊन धरली. अंगठा ताण ओळखतो. बोटांपेक्षा आधी ओळखतो. माझे सासरे म्हणायचे, पटवेकऱ्याला तीन हात असतात. त्यांनी आपल्या लेकाबरोबर मलाही शिकवलं होतं, सुनेला कशाला असं न म्हणता, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

एका कडीतून तार गेली की श्वास सोडायचा, पुढची कडी. पहिल्या दिवशी तीनशे झाल्या. दर आठ ओळींनंतर सर त्यांचं मीटर लावून बघायचे, काटा हलला की मान डोलवायचे. बोलायचं नाही हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. त्यांच्या मंडळी चहा आणायच्या त्यासुद्धा खिडकीत ठेवून जायच्या.

मधे पाडवा येऊन गेला. पेढीची पायरी निघाली. मी पाट, चिमटे, मेणाचा डबा आधीच उचलून आणला होता. कारेकर शेठ म्हणाले, “बसा की अजून चार दिवस.” मी म्हणाले, “शेठ, माझ्याकडं काम हाय.” आणि खरंच होतं. त्या दिवसांत मला पायरीची आठवण अशी आलीच नाही.

ओवायला लागल्यापासून नवव्या दिवशी, तीन हजारांच्या पुढं गेल्यावर, अंगठ्याला काहीतरी लागलं. तार अडकली नव्हती, पण ताण बदलला होता. मीटरचा काटा ठीक होता. सर म्हणाले, “बरोबर आहे की.” मी भिंग लावून मागं मागं बघत गेले. दीडशे कड्या मागं, एका वळणावर, लेप खरचटून तांबं उघडं पडलं होतं, टाचणीच्या टोकाएवढं. आज चाललं असतं. उद्या शेजारच्या तारेला टेकलं असतं आणि सगळंच गेलं असतं.

“वर रंगाचा थेंब लावू?” सरांनी विचारलं.

“न्हाई.”

दीडशे कड्या उसवल्या. उसवायला दीड दिवस लागला, कारण ओवताना तार पुढं जाते तशी मागं येत नाही. त्या दिवशी घरी जाताना डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. रडत नव्हते, डोळेच दमले होते. सरांच्या मंडळींनी रिक्षा करून दिली. पण झोप मात्र छान लागली.

चौदाव्या दिवशी सव्वातीनला शेवटच्या कडीतून तार बाहेर आली. मी गाठ मारली नाही; त्यात गाठ नसतेच, टोक चौकटीच्या खुंटीला गुंडाळून कथलाचा डाग द्यायचा असतो. तो सरांनी दिला, मी त्यांचं मनगट धरलं होतं.

पुढच्या शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये यंत्र मांडलं. आताचे प्राचार्य आले, सगळे मास्तर आले, शंभरेक मुलं-मुली जमल्या. खासनीस मॅडम शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पुढं या म्हणून सरांनी दोनदा सांगितलं. त्या आल्या नाहीत. मग सरांनी माईक घेतला आणि यंत्र कोणी, कसं बिघडवलं होतं ते सगळ्यांना सांगितलं. नाव घेऊन, आपलं. मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी मान एकदाच हलवली, हो किंवा ठीक असल्यासारखी.

सरांनी कळ दाबली. कपाटावरचे लाल दिवे लुकलुकले आणि टंकयंत्र धडधडायला लागलं. कागद वर सरकू लागला. अक्षरं इंग्रजी, म्हणून सर एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते. आजरा. आळते. इचलकरंजी. प्रत्येक नावापुढं तास आणि मिनिटं. मुलं टाळ्या वाजवायला लागली. कॉम्प्युटरची गणितं मला कळत नाहीत, पण गावं कळत होती, माझ्या माहेरचं आळतं त्यात होतं. मला ते ग्रहण आठवलं. तेव्हा मी पोटुशी होते, सासूनं मला आतल्या खोलीत बसवून दाराला घोंगडं लावलं होतं, सुई-दोऱ्याला हात लावू दिला नव्हता. बाहेर सगळं कोल्हापूर असंच दारं लावून बसलं होतं.

आणि सर मध्येच थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

“काय झालं?” प्राचार्यांनी विचारलं.

“कागल असायला हवं,” सर हळू म्हणाले. “इथं जागल आलंय. के ऐवजी जे.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “के आणि जे यांच्यात फक्त एका कडीचा फरक असतो. आणि ती कडी बाराव्या जाळीतली.”

म्हणजे माझ्या. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

प्राचार्य चांगले होते बिचारे. म्हणाले, “अहो, चार हजारांत एक! ही काय चूक म्हणायची? कौतुकच आहे बाईंचं.”

“एक पण न्हाई,” मी म्हणाले.

“अहो, पण कागद…”

“कागदाचं मला ठावं न्हाई. मी चार हजार शहाण्णव कड्या ओवल्या आणि दोनदा मोजल्या. त्यातली एक पण सुटलेली न्हाई.”

माझा आवाज चढला होता. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मला कळत होतं की हे लोक मनात म्हणत असणार, अडाणी बाई, हट्टाला पेटलीय. मला पदराशी चाळा करावासा वाटला, पण मी हात बाजूला सोडून तशीच ताठ उभी राहिले. चुकले असते तर पाया पडले असते. चुकले नव्हते.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. खासनीस मॅडम शेवटच्या रांगेतून चालत पुढं येत होत्या. “दाखव तो कागद,” त्या सरांना म्हणाल्या. चष्मा नाकावर खाली घेतला. ती ओळ वाचली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. मग कळलं, त्या हसत होत्या.

“जिरगे, त्या बाईंची माफी माग,” त्या म्हणाल्या. “ही चूक माझी आहे. या टंकयंत्रावर के च्या शेजारी जे. शनिवारी संध्याकाळी सगळं भरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की कागलचं मी जागल केलंय. म्हटलं, आता उशीर झाला, सोमवारी आल्यावर आधी हे दुरुस्त करू आणि मग छापू. तो सोमवार काही आला नाही.”

सरांनी तरीही खात्री केली. त्यांचा स्वभावच तो. त्याच जागी एकदा के लिहून परत वाचला. के आला. जे लिहिला, जे आला. पाच वेळा केलं. मग ते माझ्यासमोर येऊन हात जोडून उभे राहिले. टाळ्या एवढ्या वाजल्या की मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

यादी शेवटपर्यंत छापून झाली. मॅडमनी कागद फाडून घेतला, टेबलावर पसरला, आणि पर्समधून लाल पेन काढून जागलमधल्या जे वर काट मारली आणि वर के लिहिला.

“तीस वर्षं कितीतरी चुका मी स्वतःच्या माथी मारून घेतल्या,” त्या मला म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. “खरी निघाली ती एवढी एकच. आणि ती आज तुमच्यामुळं दुरुस्त झाली.” त्यांनी माझी बोटं हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली, एखादा दागिना बघावा तशी. मग यादीच्या खाली सही केली, कुमुद खासनीस, गणित विभाग. पेन माझ्या हातात दिलं.

“मी कुठं सही करू, बाई? मी काय केलंय यात गणिताचं?”

“माझ्या खाली करा. हुद्द्यासकट.”

मी वाकले. एरवी सही करायची म्हणजे माझा हात अडखळतो, अक्षर वर-खाली होतं. त्या दिवशी एका रेषेत आलं. मालन पाटवेकर, असं लिहिलं. हुद्दा म्हणून काय लिहायचं याचा विचार करावा लागला नाही. पुढं स्वल्पविराम दिला आणि लिहिलं, पटवेकरी.